गिटारच्या प्रिल्यूडचे पान: त्यावर काय लिहिलेले असते आणि ते कोणी लिहिलेले असते?

क्लासिकल गिटारच्या ग्रेड परीक्षांना बसणारी मुले आज मुंबई, पुणे, पणजी अशा शहरांत बऱ्यापैकी दिसतात, आणि त्यांच्यासोबत घरात एक नवे प्रकरण येते: पाच आडव्या रेषांवर काळे ठिपके, ठिपक्यांच्या शेजारी बारीक आकडे, काही आकड्यांभोवती वर्तुळे, मध्येच रोमन अंक, मध्येच पी, आय, एम, ए ही अक्षरे. ज्या आईवडिलांनी लहानपणी पेटीवर अलंकार घोटले आहेत त्यांनाही हे पान परके वाटते. त्यात नेटवर शोध घेतला की एकाच रचनेच्या अनेक प्रती समोर येतात, काही फुकट, काही विकतच्या, आणि त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मग यातली खरी प्रत कोणती, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर पानावरची कोणती खूण संगीतकाराची आणि कोणती नंतर दुसऱ्या कोणी घातलेली, हे ओळखता आले पाहिजे. ते वाटते तितके अवघड नाही.

प्रिल्यूड कशाला म्हणतात?

मुळात प्रिल्यूड हा मोठ्या वादनाआधी वाजवायचा छोटा तुकडा होता. सोळाव्या शतकात युरोपात ल्यूट हे फुगीर पाठीचे तंतुवाद्य फार लोकप्रिय होते. त्याच्या तारा आतड्याच्या असत, हवा बदलली की त्या उतरत, आणि वादकाला मुख्य रचनेला हात घालण्याआधी सगळ्या तारांवरून एकदा फिरून स्वर जुळले आहेत की नाही ते पाहावे लागे. वादक हे करताना बोटे मोकळी करून घेई आणि ऐकणाऱ्यालाही पुढची रचना कोणत्या स्केलमध्ये आहे याचा अंदाज येई. व्हेनिसमध्ये १५०८ साली छापल्या गेलेल्या दाल्झाच्या ल्यूटच्या पुस्तकात असे तार चाचपण्याचे तुकडे आहेत आणि त्यांच्या मागोमाग वाजवायच्या मोठ्या रचनाही आहेत. सतराव्या शतकातील फ्रेंच ल्यूटवादक आणखी पुढे गेले. त्यांच्या काही प्रिल्यूडमध्ये स्वर लिहिलेले आहेत, पण प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा हे लिहिलेलेच नाही. तो निर्णय वादकाचा.

पुढे जर्मन संगीतकार बाखने प्रिल्यूडला पूर्ण बांधीव रूप दिले, परंतु त्याच्या हातीही ते बहुधा कशाच्या तरी आधी येई, कधी फ्यूगच्या, म्हणजे एकच सुरावट पाठोपाठ अनेक आवाजांत येणाऱ्या रचनेच्या, तर कधी नृत्यरचनांच्या मालिकेच्या. पोलिश संगीतकार शोपँने १८३९ मध्ये पियानोची २४ प्रिल्यूड प्रसिद्ध केली आणि त्यांच्यामागे दुसरे काहीच ठेवले नाही. तेव्हापासून एखादी छोटी, एकाच कल्पनेवर उभी असलेली, स्वतंत्र रचना प्रिल्यूड या नावाने वावरू लागली. गिटारची आज वाजवली जाणारी बहुतेक प्रिल्यूड या दुसऱ्या प्रकारची आहेत. स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगाची (१८५२–१९०९), मेक्सिकोच्या मानुएल पोन्सेची (१८८२–१९४८) आणि ब्राझीलच्या एतोर व्हिला-लोबोसची (१८८७–१९५९) प्रिल्यूड विद्यार्थ्यांच्या हाती सर्वांत आधी येतात.

'म्हणजे हा आपला आलापच की' असे इथे कोणी म्हणेल. त्या फ्रेंच ल्यूटवादकांपुरते हे बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे, कारण तिथे लय वादकाच्या हाती होती आणि स्वरांचे वातावरण उभे करणे हेच काम होते. मात्र तारेगाच्या किंवा व्हिला-लोबोसच्या प्रिल्यूडला ही उपमा लावली तर ऐकणारा चुकीच्या अपेक्षेने बसेल. ती पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत लिहिलेली आहेत, त्यांना ठरलेली मात्रागणना आहे, आणि त्यांच्यानंतर बंदिश येणार नसते.

पाच रेषांवर गिटार कशी बसते?

पाच रेषांच्या या पद्धतीला स्टाफ नोटेशन म्हणतात. स्वर जितका वर लिहिलेला तितका तो उंच, आणि ठिपक्याचा आकार व त्याची दांडी यांवरून तो किती मात्रा टिकवायचा हे कळते. उभ्या रेषांनी पाडलेल्या प्रत्येक खंडाला बार म्हणतात. आपल्या तालातील विभागाशी त्याचे नाते सहज लक्षात येईल. सुरुवातीला असलेली वळणदार खूण म्हणजे ट्रेबल क्लेफ. पाश्चात्त्य संगीतात स्वरांना ए ते जी अशी अक्षरनावे आहेत; खालून दुसरी रेष ही 'जी' या नावाच्या स्वराची आहे, एवढेच ती खूण सांगते, आणि तेवढ्यावरून बाकीच्या सगळ्या जागा ठरतात.

गिटारच्या बाबतीत एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही आणि मग पियानो शिकणाऱ्या भावंडाशी वाद होतो. गिटारचे सूर कागदावर प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिले जातात. कारण व्यवहारी आहे. गिटारचा आवाका पियानोच्या उजव्या आणि डाव्या हाताच्या मधोमध पडतो. खरा सूर लिहायचा तर पियानोसारख्या पाच-पाच रेषांच्या दोन पट्ट्या लागतील, आणि एक सप्तक वर सरकवले की सगळे एका पट्टीत मावते. तरीही सर्वांत जाड तार, म्हणजे खालची ई, पाच रेषांच्या खाली तीन जादा छोट्या रेषा काढून त्यांच्याही खाली टांगावी लागते. सर्वांत बारीक तारेची मोकळी, म्हणजे बोटाने न दाबता वाजवलेली, ई वरून पहिल्या मोकळ्या जागेत बसते. या दोन ई एकमेकींपासून दोन सप्तके दूर आहेत.

गिटारचे खरे वैशिष्ट्य असे की त्या एकाच पट्टीत दोन किंवा तीन आवाज एकत्र कोंबलेले असतात. वरच्या सुरावटीच्या दांड्या वर, खालच्या खर्जाच्या दांड्या खाली, आणि मधला आवाज जागा मिळेल तसा. पाहणाऱ्याला ती गर्दी वाटते, पण दांड्यांची दिशा पाहायची सवय लागली की एकाच पानावर तीन वेगळ्या ओळी दिसू लागतात.

एक सूर, पाच जागा

पियानोवर कागदावरच्या एका सुराला दाबायची एकच पट्टी असते. गिटारवर तसे नाही. बारीक तारेची मोकळी ई घ्या. तोच सूर, त्याच उंचीचा, दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला मिळतो, तिसरीवर नवव्याला, चौथीवर चौदाव्याला आणि पाचवीवर एकोणिसाव्याला. फ्रेट म्हणजे सतारीच्या पडद्यासारखी, मानेवर बसवलेली धातूची पट्टी. सूर एकच असला तरी आवाजाचा पोत प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो: मोकळी तार खणखणीत आणि जाड तारेवर वर चढून दाबलेला सूर दाट, किंचित घुसमटलेला.

स्टाफ नोटेशन एसटीच्या पाटीवरच्या गावाच्या नावासारखे आहे. 'पुणे–महाबळेश्वर' एवढे त्यावर असते, पण 'मार्गे' काय ते निराळे लिहावे लागते. गिटारच्या पानावरचे बारीक आकडे आणि अक्षरे म्हणजे हे 'मार्गे'. नुसता आकडा १ ते ४ हा डाव्या हाताच्या बोटाचा, तर्जनी १ आणि करंगळी ४. शून्य म्हणजे मोकळी तार. वर्तुळातला आकडा तारेचा, सर्वांत बारीक तार १ आणि सर्वांत जाड ६. रोमन अंक फ्रेटचा, आणि त्याच्या आधी सी हे अक्षर असेल तर त्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबायच्या, ज्याला गिटारवादक बॅरे म्हणतात. पी, आय, एम, ए ही उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरे आहेत. पानाच्या डोक्यावर वर्तुळातल्या ६ पुढे बरोबरची खूण करून डी लिहिले असेल तर वाजवायला बसण्याआधी जाड तार एक पूर्ण स्वर उतरवायची. एवढ्या खुणा कळल्या की पानाचा बराचसा भाग उलगडतो.

'लाग्रिमा'चा पहिला बार

तारेगाचे 'लाग्रिमा' हे प्रिल्यूड मधल्या टप्प्यावरच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. १६ बारची रचना आहे ही: आठ बार ई मेजरमध्ये (ई हा सा धरून शुद्ध स्वरांचे, उजळ स्केल), आठ ई मायनरमध्ये (तोच सा, पण कोमल गंधाराचे, उदास स्केल), आणि मग पुन्हा पहिले आठ. पुन्हा वाजवायचा भाग पानावर दुसऱ्यांदा छापत नाहीत, शेवटी 'डी. सी. आल फिने' असे लिहितात, म्हणजे सुरुवातीपासून 'फिने' या खुणेपर्यंत. पान उलटण्याची गरज पडत नाही, हाही त्याच्या लोकप्रियतेचा एक भाग असावा.

पहिल्या बारमध्ये तीन मात्रा आहेत. वरचा आवाज जी शार्प (शार्प म्हणजे मूळ स्वरापेक्षा अर्धा स्वर वर), ए, बी असा चढतो आणि खालचा त्याच वेळी ई, एफ शार्प, जी शार्प असा चढतो. मधला आवाज प्रत्येक मात्रेच्या उत्तरार्धात एकच सूर वाजवतो: दुसऱ्या तारेची मोकळी बी, जी कागदावर बरोबर मधल्या रेषेवर बसते आणि हलत नाही. पानाकडे थोडे दुरून पाहिले तरी आकृती दिसते, वरची आणि खालची ओळ जोडीने वर सरकते आहे आणि मधली जागच्या जागी आहे. हाताच्या बाजूने पाहिले तर वरचा सूर पहिल्या तारेवर चौथ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटला जातो आणि खालचा चौथ्या तारेवर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या फ्रेटला. दोन बोटांमधले अंतर आधी दोन फ्रेटचे आहे, मग एकेकाच फ्रेटचे. नवशिक्याचा हात नेमका इथे अडखळतो, कारण पानावर दोन्ही ओळी समांतर दिसतात आणि हाताला मात्र आकार बदलावा लागतो.

आणखी एक बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. या जी शार्प आणि एफ शार्पच्या शेजारी शार्पची खूणच नसते. ती ओळीच्या अगदी सुरुवातीला, क्लेफच्या लगेच पुढे, चार शार्पच्या गठ्ठ्यात एकदाच सांगितलेली असते. ई मायनरचा भाग आला की तो गठ्ठा बदलतो आणि एकच शार्प उरतो. घाईत तिकडे पाहायचे राहिले तर ई मायनरच्या आठ बारमध्ये जुने शार्प शिरतात आणि सगळा दुखरा रंग पुसला जातो.

मोकळी बी इथे का चालते, आणि गिटारची इतकी प्रिल्यूड ई मेजर, ई मायनर, ए मायनर, डी मेजर यांतच का असतात, याचे उत्तर एकच आहे. गिटारच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई आहेत. या स्केलमध्ये त्या आपोआप वाजत राहतात आणि डावा हात हलवायला मोकळा होतो. पोन्सेने मात्र चोवीसही स्केलमध्ये प्रिल्यूड लिहिली, अगदी मोकळ्या तारा फारशा उपयोगी न पडणाऱ्या स्केलमध्येसुद्धा, आणि गिटारची ही मर्यादा किती ताणता येते ते दाखवले.

टॅब असताना हा खटाटोप कशाला?

टॅबमध्ये, म्हणजे टॅब्लेचर या लिपीत, सहा रेषा सहा तारांच्या असतात आणि त्यांवर फ्रेटचे आकडे. ज्याने कधी स्वरलिपी पाहिलेली नाही तोही दहा मिनिटांत ते वाचू लागतो. म्हणून टॅबला कमी लेखणारे शिक्षक मला पटत नाहीत. ही पद्धत इंटरनेटने आणलेली नाही. लुइस दे मिलानचे विहुएला या गिटारसारख्या जुन्या स्पॅनिश वाद्यावरचे पुस्तक १५३६ साली व्हॅलेन्सियात छापले गेले ते टॅबमध्येच, आणि त्यात वरची रेष सर्वांत उंच तारेची आहे, हुबेहूब आजच्यासारखी. त्या काळी इटलीत नेमके उलटे, म्हणजे उंच तार खाली लिहीत. फ्रान्समध्ये आकड्यांऐवजी अक्षरे वापरत. ल्यूट, विहुएला आणि जुनी पाच जोड-तारांची गिटार यांचे संगीत मुख्यतः या लिपीतूनच आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

तथापि जुन्या टॅबमध्ये आकड्यांच्या डोक्यावर मात्रांच्या खुणा असत, त्या नेटवरच्या साध्या टॅबमध्ये बहुधा नसतात. रचना आधी ऐकलेली असेल तर ते चालून जाते, नसेल तर लय कळायला दुसरा मार्ग नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. टॅब बोट कुठे ठेवायचे ते सांगते, ते कधी उचलायचे ते सांगत नाही. 'लाग्रिमा'च्या पहिल्या बारमध्ये खालचा ई पूर्ण मात्राभर वाजत राहिला पाहिजे आणि त्याच वेळी मोकळ्या बीने मध्ये शिरले पाहिजे. टॅबवर तिथे दिसतात फक्त एका खाली एक आणि मग शेजारी ठेवलेले आकडे. तीन आवाजांचे एकमेकांवर पडणे, म्हणजे त्या रचनेचा जीव, त्यांतून वाचता येत नाही. 'मार्गे' मिळते, पण प्रवासाला किती वेळ लागतो हे मिळत नाही. आज अनेक प्रकाशक स्टाफ आणि टॅब एकाखाली एक छापतात, आणि नवशिक्यासाठी ते उत्तम आहे, फक्त डोळा कायम खालच्याच ओळीवर राहू नये.

मग भातखंडे पद्धतीत लिहिले तर?

हा प्रश्न मराठी घरात हमखास निघतो आणि तो रास्त आहे. भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र आणि तार सप्तकासाठी खाली-वर बिंदू, लांबवलेल्या स्वरासाठी त्याच्यापुढे छोटी आडवी रेघ आणि एका मात्रेतल्या अनेक स्वरांखाली कंस अशी चोख व्यवस्था आहे. एका गळ्याची किंवा एका सतारीची सुरावट तिच्यात नेमकी उतरते. प्रिल्यूडची फक्त वरची ओळ उतरवायची तर तीही उतरेल.

अडचण दोन ठिकाणी येते. आपला सा फिरता आहे. गाणारा बदलला की पट्टी बदलते, आणि लिपीला त्याचे काही वाटत नाही, हेच तिचे सामर्थ्य आहे. गिटारच्या प्रिल्यूडला हे सोसत नाही. 'लाग्रिमा' एक स्वर वर नेली की मधली मोकळी बी हातची जाते आणि रचना जवळजवळ वाजवण्याजोगी राहत नाही. दुसरे असे की एकाच क्षणी वाजणारे तीन निरनिराळ्या लांबीचे आवाज डोळ्यांना एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. आपल्या संगीताला ती गरजच पडली नाही, म्हणून आपल्या लिपीने ती सोय केली नाही. गोव्यात मात्र चर्चशी जोडलेल्या शाळांमधून पाच रेषांची लिपी कित्येक पिढ्यांपूर्वीच शिकवली जाऊ लागली, त्यामुळे तिथल्या अनेक घरांत आजोबांनाही हे पान वाचता येते.

वर्तुळातला आकडा कोणाचा?

आता प्रती जुळत का नाहीत या मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हिला-लोबोसने १९४० मध्ये पाच प्रिल्यूड लिहिली आणि आपली सहचारिणी आर्मिंदा हिला, घरच्या नावाने मिंदिन्या, ती अर्पण केली. पॅरिसच्या माक्स एशिग या प्रकाशकाने ती १९५४ मध्ये छापली. त्यांतले पहिले ई मायनरमध्ये आहे आणि त्यात नेहमीची व्यवस्था उलटी केलेली आहे. सुरावट खाली, जाड तारांवर चालते, आणि वरच्या बारीक तारा नुसती साथ करतात. व्हिला-लोबोस गिटार वाजवत असे, पण तो चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचा वादकही होता, आणि हे ऐकताना चेलोची आठवण होणे अटळ आहे.

सुरुवातीलाच सुरावट बीवरून ईवर उडी घेते. ही ई चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला सहज मिळते, हात हलवावाही लागत नाही. पण पानावर वर्तुळात ५ आहे. म्हणजे तोच सूर पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला घ्यायचा, आणि बी त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटला असल्यामुळे हाताला तारेवरून पाच फ्रेटची झेप घ्यावी लागते. सोपी वाट सोडून अवघड वाट सांगण्याचे कारण कानाला लगेच कळते. जाड तारेवरचा सूर भरदार येतो, झेप घेताना किंचित घसरण ऐकू येते, आणि वाक्य गळ्यातून निघाल्यासारखे होते. हा ५ खोडून ४ लिहिला तर सूर शंभर टक्के बरोबर आणि रचना बरीचशी चुकीची. माझ्या मते या ठिकाणचे वर्तुळ हा बोटांविषयीचा सल्ला नव्हे, तो रचनेचाच भाग आहे.

सगळे आकडे या तोलाचे नसतात. तारेगाच्या, पोन्सेच्या किंवा बाखच्या रचनांच्या छापील प्रतींमधली बोटे बहुतेकदा संपादकाने घातलेली असतात, आणि संपादक म्हणजे स्वतः वादक. विसाव्या शतकातला प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया याने संपादित केलेल्या प्रतींत एकाच तारेवर वर चढत जाणे आणि सूर घसरत नेणे पुष्कळ आढळते, कारण त्याला तो दाट आवाज आवडे आणि त्याच्या हाताला ते झेपत असे. आजचे संपादक बहुधा मोकळ्या तारा आणि कमी धावपळ पसंत करतात. दोघांचेही आकडे बरोबर असू शकतात. लहान हाताच्या मुलीने सेगोव्हियाचे आकडे जसेच्या तसे पाळावेत असा आग्रह धरणारे शिक्षक आहेत. त्यांनी आधी तो आकडा कोणाचा हे पाहावे, एवढेच म्हणता येईल. प्रतीच्या पहिल्या पानावर संगीतकाराच्या नावाखाली संपादकाचे नाव छापलेले असते. ते नसेल, तर आकडे कोणाचे हे कळायला मार्ग नाही, आणि माझ्या दृष्टीने ती प्रत तेवढ्यानेच एक पायरी खाली उतरते.

'मूळ प्रत' मिळाली की प्रश्न मिटला का?

नेहमीच नाही, कारण मूळ म्हणजे काय हेच पुष्कळदा सरळ नसते. बाखच्या यादीत ९९९ क्रमांकाने नोंदलेले छोटे प्रिल्यूड घ्या. बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. योहान पेटर केलनरने केलेल्या नकलेवरून ते आपल्याला माहीत आहे. ते ल्यूटसाठी आहे आणि सी मायनरमध्ये आहे, पण गिटारवादक ते डी मायनरमध्ये वाजवतात, कारण मग डी आणि ए या खर्जाच्या मोकळ्या तारा कामाला येतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या हातातली प्रत एक स्वर सरकवलेली आहे, आणि त्यात काही लबाडी नाही. गंमत अशी की हे प्रिल्यूड आपल्या घरच्या स्वरावर येऊन थांबतच नाही, पाचव्या स्वराच्या कॉर्डवर, म्हणजे त्यावर रचलेल्या स्वरसमूहावर, ते संपते, जणू पुढे काही यायचे आहे. पुढचे काही उपलब्ध नाही. परीक्षेत हे वाजवल्यावर मूल शेवट विसरले की काय, असे पालकांना वाटते ते त्यामुळे.

पोन्सेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच्या २४ प्रिल्यूडपैकी सेगोव्हियाने निवडलेली १२ शॉट या जर्मन प्रकाशकाने १९३० मध्ये काढली आणि अर्धशतक लोकांनी तेवढीच वाजवली. मिगेल आल्कासार याने हस्तलिखितांवरून पूर्ण २४ जुळवून प्रसिद्ध केली ती १९८१ मध्ये. याच पोन्सेने ए मायनरमधली एक जुन्या धर्तीची मालिका लिहिली, जिची सुरुवात प्रिल्यूडने होते, आणि ती बाखचा समकालीन ल्यूटवादक वाइस याच्या नावावर खपवली गेली. सेगोव्हियाचा या खोडीत सहभाग होता, आणि कित्येक वर्षे जाणकारही फसले. तेव्हा पानाच्या डोक्यावरचे नावसुद्धा कधीकधी तपासून घ्यावे लागते.

पॅराग्वेच्या आगुस्तिन बारियोसच्या (१८८५–१९४४) बाबतीत तर क्रमच उलटा आहे. त्याच्या हयातीत त्याचे फार थोडे छापले गेले. त्याच्या काही रचना त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून नंतर इतरांनी कागदावर उतरवल्या आहेत. तिथे छापील पान हे ऐकणाऱ्याच्या कानाचे काम आहे, आणि दोन कानांनी दोन निरनिराळी पाने लिहिली तर त्यात नवल नाही.

नेटवर फुकट मिळते, मग विकत का घ्यावे?

फुकट म्हणजे बेकायदा, असे समीकरण करू नये. भारतीय कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तारेगा १९०९ मध्ये वारला, त्याच्या रचना सगळीकडे मोकळ्या आहेत. पोन्से आणि बारियोस यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचीही मुदत आपल्याकडे केव्हाच संपली. व्हिला-लोबोस नोव्हेंबर १९५९ मध्ये वारला, म्हणजे भारतात त्याच्या रचना १ जानेवारी २०२० पासून मोकळ्या झाल्या. युरोपात मुदत ७० वर्षांची असल्याने तिथे २०२९ अखेरपर्यंत हक्क चालू राहतील, आणि अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब लागत असल्याने १९५४ च्या या पुस्तकाचे हक्क २०४९ संपेपर्यंत. सांगलीच्या विद्यार्थ्याने उतरवून घेतलेले पान कायदेशीर आणि तेच पान न्यू जर्सीतल्या त्याच्या मावसबहिणीने उतरवले तर बेकायदा, अशी ही स्थिती आहे.

आयएमएसएलपी हे अशा मोकळ्या स्वरलिप्यांचे सर्वांत मोठे ऑनलाइन ग्रंथालय २००६ मध्ये कॅनडातून सुरू झाले. ऑस्ट्रियातील एका प्रकाशकाने पाठवलेल्या नोटिशीमुळे ते २००७ मध्ये बंद करावे लागले आणि २००८ मध्ये पुन्हा उघडले. वाद नेमका हाच होता, की एका देशात मोकळे झालेले पान दुसऱ्या देशातून उतरवता येते.

मात्र रचना मोकळी झाली म्हणून तिची प्रत्येक प्रत मोकळी होत नाही. बाखचे प्रिल्यूड गिटारसाठी नव्याने बसवणाऱ्याचा त्या मांडणीवर स्वतःचा हक्क असतो, आणि तो बसवणारा वारल्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून गेल्या काही दशकांत निघालेल्या बाखच्या गिटार-प्रती स्कॅन करून गटांत फिरवणे कायद्यात बसत नाही, बाख १७५० मध्येच वारला असला तरी. हयात संगीतकारांबद्दल तर प्रश्नच नको. शिवाय फुकटात मिळणाऱ्या मोकळ्या प्रती बहुधा फार जुन्या असतात. त्यांत छपाईच्या चुका राहिलेल्या असतात, आणि व्हिला-लोबोसच्या जुन्या एशिग प्रतींतील अशा चुकांवर वादकांत दीर्घकाळ चर्चा झाली आहे; त्याच प्रकाशनसंस्थेने पुढे फ्रेदेरिक झिगांते यांच्याकडून हस्तलिखितांशी ताडून नवी आवृत्ती काढून घेतली. व्हिला-लोबोसच्या बाबतीत तरी मी विकतच्या प्रतीच्या बाजूने आहे. तारेगासाठी जुनी मोकळी प्रत सुरुवातीला पुरेशी आहे.

व्हिडिओ पाहून शिकले तर चालणार नाही का?

चालते, आणि पुष्कळ जण तसेच शिकतात. ल्यूटवादकांच्या काळातही गुरूच्या हाताकडे पाहूनच बहुतेक शिक्षण होत असणार. परंतु व्हिडिओतला वादक जी लय ओढतो, जिथे थांबतो, जिथे सूर घसरवतो, ते सगळे त्याचे आहे की संगीतकाराचे, हे पान उघडल्याशिवाय वेगळे करता येत नाही. व्हिला-लोबोसच्या पहिल्या प्रिल्यूडची दोन चांगली ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका. वेग, ओढ, आवाजाचा रंग यांत ती बरीच दूर पडतील, पण बी ते ईची झेप दोन्हींत पाचव्या तारेवरच ऐकू येण्याची शक्यता जास्त, कारण ती पानावर आहे.

कामाची रीत म्हणून असे सुचवता येईल की आधी रचना दोन-तीन वादकांकडून ऐकावी, मग पान हाती घेऊन गिटारशिवायच फक्त दांड्यांच्या दिशेवरून आवाज वेगळे करावेत, आणि बोटांचे आकडे सर्वांत शेवटी पाहावेत. वर्तुळातले आकडे संगीतकाराचे असतील तर तसेच ठेवावेत. संपादकाचे असतील आणि हाताला बसत नसतील तर शिक्षकांशी बोलून पेन्सिलने बदलावेत. परीक्षेच्या खोलीत बहुधा मूळ किंवा रीतसर विकत घेतलेली प्रतच न्यावी लागते, अनधिकृत झेरॉक्स चालत नाही. त्या प्रतीवर पेन्सिलीने लिहिलेली बोटे असली तर मात्र हरकत नसते.